एस्कोरियलच्या पोटातलं राजघराणं

माद्रिदच्या वायव्येला, पन्नासेक किलोमीटरवर, ग्वादारामाच्या डोंगरपायथ्याशी सान लोरेन्सो दे एल एस्कोरियल उभा आहे. राजवाडा, मठ, चर्च, ग्रंथालय, सगळं एकाच करड्या चिरेबंदी इमारतीत. आलेले पाहुणे चित्रं बघतात, ग्रंथालयाचं रंगवलेलं छत बघतात आणि शेवटी तळघरात उतरतात. खरं तर सुरुवात तळघरापासून करायला हवी, कारण बापाला पुरायला जागा हवी म्हणून एवढा पसारा उभा राहिला.

स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट चार्ल्स पाचवा १५५८ मध्ये युस्तेच्या मठात वारला. आपलं अंतिम दफन कुठे करायचं, हे त्याने मुलावर सोपवलं होतं. हा मुलगा म्हणजे फिलिप दुसरा. आदल्याच वर्षी, १० ऑगस्टला, संत लॉरेन्सच्या सणादिवशी त्याच्या फौजेने सां-कांतँ इथे फ्रेंचांना धूळ चारली होती. विजयाचं स्मारक आणि घराण्याची समाधी, दोन्ही एकाच कामात उरकायचं ठरलं. १५६३ मध्ये पायाभरणी झाली. पहिला वास्तुविशारद हुआन बाउतिस्ता दे तोलेदो १५६७ मध्ये गेला, पुढे हुआन दे एरेराने काम हाती घेतलं आणि १५८४ मध्ये शेवटचा चिरा बसला. थडग्यांची जागा चर्चच्या मुख्य वेदीच्या बरोबर खाली. वर मास, म्हणजे ख्रिस्ती उपासनाविधी, म्हणणारा धर्मगुरू उभा असेल, तो राजांच्या डोक्यावरच.

फिलिप स्वतः १३ सप्टेंबर १५९८ रोजी याच वास्तूत, वेदी दिसेल अशा खोलीत वारला. मरणाची तयारीही त्याने हिशोबी कारकुनासारखी केली होती. त्याच्या शवपेटीचं लाकूड ‘सिंकु शागश’ या मोडीत निघालेल्या पोर्तुगीज जहाजाचं होतं. हे जहाज व्हाइसरॉय कोन्स्तांतिनु द ब्रागांसाच्या देखरेखीखाली १५५९-६० च्या सुमारास गोव्यात बांधलेलं. १५८० नंतर पोर्तुगालची गादी, आणि तिच्याबरोबर गोवाही, फिलिपकडे आला होता. मांडवीकाठच्या सुतारांचं काम असं स्पेनच्या राजाच्या अंगाखाली गेलं. मार्गदर्शिकांतून याचा फारसा उल्लेख नसतो. आपल्याकडच्या माणसाने मात्र ते ठाऊक असू द्यावं.

आज दिसणारं दालन फिलिप दुसऱ्याच्या काळचं नाही. त्याच्या मुलाने, फिलिप तिसऱ्याने, १६१७ मध्ये क्रेशेन्झी या इटालियनाकडे काम सोपवलं. तळघर झऱ्याच्या पाण्याने भरू लागलं आणि काम रखडलं. अखेर फ्राय निकोलास या मठातल्याच साधूने पाण्याचा निचरा करून दाखवला आणि नातवाच्या, फिलिप चौथ्याच्या, कारकिर्दीत १६५४ च्या मार्चमध्ये सगळे देह इथे हलवले गेले. अष्टकोनी खोली, गडद संगमरवर, सोन्याचा मुलामा दिलेलं कासं. भिंतींतून एकावर एक रचलेल्या २६ पेट्या, सिंहाच्या पंजांवर टेकलेल्या. आजोबांच्या रुक्ष ग्रॅनाइटनंतर हा झगमगाट जरा अंगावर येतो, असं माझं मत. चार्ल्स पाचव्याची पेटी तेव्हा उघडली तर देह बराचसा शाबूत निघाला. त्याच्या वेगळ्या जपून ठेवलेल्या बोटाच्या पेराची अलीकडे तपासणी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत युरिक ॲसिडचे खडे सापडल्याचं, म्हणजे गाऊट या सांध्यांच्या आजाराच्या जुन्या वदंतेला पुरावा मिळाल्याचं म्हटलं होतं.

संगमरवराच्या आत ठेवायच्या शिशाच्या पेट्या जेमतेम मीटरभर लांबीच्या. पूर्ण देह त्यात मावत नाही. म्हणून आधी तो ‘पुद्रिदेरो’ नावाच्या बंद खोलीत ठेवायचा, वीस-पंचवीस वर्षांनी फक्त अस्थी उरल्या की त्या शिशाच्या पेटीत भरून संगमरवरात हलवायच्या. तिथे मठातल्या साधूंशिवाय कुणाला प्रवेश नाही. पाहुण्यांना जिन्यावर बंद दार तेवढं दिसतं.

नियम असा: एका बाजूला राजे, समोर राण्या, आणि राण्यांतही ज्यांचा मुलगा गादीवर बसला त्याच. पण घराण्याने हा नियम सोयीने वाकवला. फिलिप चौथ्याची पहिली बायको इसाबेल हिचा मुलगा राजा होण्याआधीच वारला, तरी ती इथे आहे. इसाबेल दुसरी स्वतः राज्य करणारी, म्हणून ती राजांच्या रांगेत आणि तिचा नवरा फ्रान्सिस्को दे आसिस राण्यांच्या. फिलिप पाचव्याने ला ग्रांखा हा आपला राजवाडा पसंत केला, सहाव्या फर्नांदोने माद्रिद. दोघेही इथे नाहीत.

विसाव्या शतकात हिशोब संपत आला. रोममध्ये १९४१ साली वारलेला तेरावा अल्फोन्सो १९८० मध्ये परत आणला गेला. त्याची राणी व्हिक्टोरिया युजेनीला २०११ मध्ये जागा मिळाली, जरी तिचा मुलगा हुआन कधीच राजा झाला नाही. शेवटच्या दोन पेट्या त्याच हुआनला आणि त्याच्या पत्नीला ठरल्या. २६ पुऱ्या झाल्या. २०१४ मध्ये गादी सोडलेल्या हुआन कार्लोससाठी आणि आताच्या फिलिप सहाव्यासाठी या खोलीत पेटी नाही. शेजारी, राजपुत्र-राजकन्यांसाठी इसाबेल दुसरीने बांधायला घेतलेल्या आणि १८८८ मध्ये पुऱ्या झालेल्या दालनात मात्र अजून कितीतरी कोनाडे रिकामे आहेत.