जीवनाचा भार दुबळ्या बंधांवर

शरीराच्या वजनातला सुमारे ९६ टक्के वाटा ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांचा असतो. हे बहुतेकांनी शाळेत पाठ केलेलं असतं. पण हे अणू एकमेकांना किती घट्ट धरतात, हे पाहिल्याशिवाय जैवरसायनाची खरी गोडी कळत नाही, असं मला वाटतं.

कार्बनचे दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात तेव्हा सहसंयुज बंध तयार होतो. तो तोडायला प्रति मोल सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. ३७ अंशांच्या शरीरात तो आपोआप तुटत नाही. हायड्रोजन बंध त्यापुढे अगदीच दुबळा, २० किलोज्यूलच्या आसपासचा. ऑक्सिजन किंवा नायट्रोजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्याला जोडलेल्या हायड्रोजनवर किंचित धनभार येतो आणि तो शेजारच्या ऋणभाराकडे खेचला जातो. असे बंध पाण्यात क्षणोक्षणी जुळतात नि सुटतात. सजीवांनी आपली किती तरी नाजूक कामं याच बंधांवर सोपवली आहेत.

डीएनएच्या प्रत्येक साखळीचा कणा सहसंयुज बंधांचा असतो, म्हणून माहितीचा क्रम टिकतो. दोन साखळ्यांना एकत्र धरण्यात मात्र हायड्रोजन बंधांचा मोठा वाटा आहे: साखळ्यांवरची माहितीची ‘अक्षरं’ जोड्यांनी जुळतात, त्यांतल्या ॲडेनिन-थायमिनमध्ये दोन, ग्वानिन-सायटोसिनमध्ये तीन. त्यामुळे प्रत काढताना कण्याला धक्का न लावता साखळ्या विलग करता येतात.

प्रथिनांची गोष्ट तर याहून विलक्षण. अमिनो आम्लांची लांबलचक साखळी ठरावीक घडीत बसली तरच कामाची. पाण्याशी न जमणारी अमिनो आम्लं आत दडतात, जमणारी बाहेर राहतात. पण नेमकी घडी ठरवतं कोण?

ख्रिश्चन ॲनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकरावर (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनावर) याचा शोध घेतला. त्यात १२४ अमिनो आम्लं आणि गंधकाच्या अणूंनी जोडलेले चार पूल असतात. दुबळी आकर्षणं मोडणारा युरिया घालून त्यांनी घडी उलगडली आणि मर्कॅप्टोइथेनॉलने पूल तोडले. विकर निष्क्रिय झालं. मग दोन्ही रसायनं काढून टाकली आणि पूल पुन्हा जुळावेत म्हणून द्रावणाला हवा लागू दिली. आठ टोकांचे चार पूल १०५ प्रकारे जुळू शकतात, त्यांतला एकच बरोबर. तरीही विकराची जवळजवळ सगळी क्षमता परत आली! युरिया असतानाच पूल जुळू दिले, तेव्हा मात्र क्षमता जेमतेम एक टक्का राहिली. म्हणजे बळकट पुलांची जागासुद्धा आधी दुबळी आकर्षणंच ठरवत होती, आणि त्यांचा आराखडा साखळीच्या क्रमातच होता. या कामासाठी १९७२ साली ॲनफिन्सन यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पेशीतल्या गर्दीत काही प्रथिनांना घडी घालायला मदतनीस प्रथिनं लागतात, हे पुढे समजलं. मूळ निष्कर्ष त्याने बदलत नाही.

क्रम जरासा बिघडला तर काय होतं, ते सिकलसेल आजारात दिसतं. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या रुग्णांचं हिमोग्लोबिनच, म्हणजे लाल पेशींतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिनच, वेगळं असल्याचं दाखवलं. काही वर्षांनी व्हर्नन इनग्राम यांनी फरक नेमका पकडला. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ५७४ अमिनो आम्लं असतात. त्याच्या दोन्ही बीटा साखळ्यांमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेलं असतं, एवढंच. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, त्याचं पाण्याशी जमतं. व्हॅलिनचं जमत नाही. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार बदलतो आणि हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या खोबणीत जाऊन बसतं. त्याला तिसरा रेणू चिकटतो, मग चौथा. तंतू वाढत जातात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. फुप्फुसात पुन्हा ऑक्सिजन मिळाला की तंतू विरघळतात, पेशी पूर्ववत होते. पण सतत असं घडून पेशीचं आवरण खराब होतं. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी ती पेशी मग १० ते २० दिवसांतच नष्ट होते.