महामंडळावर किंवा रिझर्व्ह बँकेच्या बोर्डावर कुणाला कसं नेमलं हे विचारायचंय? मग अर्ज असा करा

दर शनिवारी मी आमच्या तालुक्याच्या गावी लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो. निवडणुका झाल्या आणि महामंडळांचं वाटप सुरू झालं की एक अर्ज हमखास येतो, "साहेब, अमक्याला त्या मंडळावर का घेतलं, त्याला त्यातलं काय कळतं, हे सरकारला विचारायचंय". प्रश्न अगदी रास्त आहे पण अर्ज असाच्या असा पाठवला की महिन्याभरात एका ओळीचं उत्तर येतं आणि माणूस हिरमुसून तो विषयच सोडून देतो. खरं म्हणजे माहिती मिळू शकत होती, फक्त मागायची पद्धत चुकली. म्हणून अर्ज जिथे जिथे अडकतो ते सगळं इथे लिहितोय.

पहिली अडचण "का" हा शब्द. २००८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो प्रकरणात सांगितलं की माहिती म्हणजे नोंदीवर असलेली गोष्ट, "का केलं" याचं स्पष्टीकरण माहितीत येत नाही. तेव्हापासून प्रत्येक माहिती अधिकाऱ्याला हा निकाल पाठ आहे. त्यामुळे अर्जात का, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, योग्य आहे का, असलं काहीही लिहू नका. कागद मागा. कारण त्या कागदातच असतं, किंवा नसतं, आणि नसलं तर तेही लेखी मिळतं.

मी साधारण असं लिहून देतो: "शासन निर्णय क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये झालेल्या अशासकीय सदस्यांच्या नियुक्तीच्या नस्तीतील टिपणी भाग व पत्रव्यवहार भाग यांच्या साक्षांकित प्रती, सदर नियुक्तीसाठी प्राप्त शिफारसपत्रांच्या प्रती, आणि अशासकीय सदस्यांची पात्रता ठरवणारा अधिनियम, नियम किंवा शासन निर्णय याची प्रत." बस, एवढंच. (नस्ती म्हणजे फाइल, टिपणी भाग म्हणजे अधिकाऱ्यांनी फाइलवर लिहिलेले शेरे, अशासकीय म्हणजे सरकारी नोकरीत नसलेले.) महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे, आणि लोक चार पानं भरून भ्रष्टाचाराचा इतिहास लिहितात. तळमळ कळते हो, पण तो अर्ज उघडून वाचायच्या आधीच बाजूला जातो. दोन मंडळांचं विचारायचं असेल तर दोन अर्ज करा, दहा दहा रुपयांचे.

जीआरचा, म्हणजे त्या शासन निर्णयाचा, नंबर आणि तारीख आधी शोधून ठेवा, शासनाच्या वेबसाइटवर विभागवार मिळतो. नंबर नसला की "मागणी मोघम आहे" असं उत्तर येतं.

आता तो कागद जो कुणाकडेच नसतो, म्हणजे पात्रतेचे निकष. बऱ्याच मंडळांच्या बाबतीत अशासकीय सदस्याला काय यायला हवं हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि तिथेच राजकीय सोय शिरते. उत्तर येतं "नोंद उपलब्ध नाही", लोक समजतात अर्ज फेटाळला, आणि उत्तर फेकून देतात. कृपा करून फेकू नका! निकष न ठेवता नेमणूक केली हे सरकारने स्वतःच्या सहीने दिलेलं आहे, तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा कागद तोच. आणि जिथे निकष कायद्यात लिहिलेले असतात तिथे काय होतं ते शिर्डीत दिसलं. साईबाबा संस्थानच्या २००४ च्या कायद्यात कायदा, व्यवस्थापन, अभियांत्रिकी, आरोग्य अशा विषयांतले किमान ८ जाणकार समितीत हवेत असं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने नेमलेली समिती हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केली. म्हणून आधी बघा की तुमच्या मंडळाला स्वतःचा कायदा आहे का, असला तर त्यातलं सदस्यांचं कलम वाचा आणि मगच अर्ज लिहायला घ्या.

दुसरी मोठी चूक पत्त्याची. अर्ज महामंडळाच्या ऑफिसात टाकतात आणि नेमणुकीची फाइल असते मंत्रालयात, त्या महामंडळाच्या प्रशासकीय विभागाकडे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे चुकीच्या ऑफिसने पाच दिवसांत अर्ज बरोबर जागी पाठवायला हवा, पण पाच दिवसांत कुणी पाठवल्याचं मी फार क्वचित पाहिलंय, त्यामुळे तुम्हीच नीट टाका.

रिझर्व्ह बँकेचंही तसंच आहे. लोक मुंबईला फोर्टातल्या मुख्य कार्यालयाला अर्ज करतात आणि "आमच्याकडे ही माहिती नाही" असं उत्तर येतं, ते खोटं नसतं. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ च्या कलम ८ प्रमाणे सेंट्रल बोर्डावरचे १० संचालक केंद्र सरकार नेमतं. ऑगस्ट २०१८ मध्ये एस. गुरुमूर्ती आणि सतीश मराठे यांना नेमलं तेव्हा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाचा होता आणि मंजुरी मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीची. त्या दोघांच्या संघपरिवाराशी असलेल्या नात्यावरून तेव्हा खूप वाद झाला, मराठेंच्या सहकारी बँकिंगमधल्या अनुभवाचा दाखलाही काहींनी दिला. त्याच वर्षी आणखी एक संचालक नचिकेत मोर यांना मुदत संपायच्या आधीच बोर्डावरून कमी केलं, आणि ते करता आलं कारण कलम ११ मध्ये संचालकाला काढायचा अधिकारही केंद्राकडेच आहे. तर नेमणूक असो की काढणं, अर्ज दिल्लीला, वित्तीय सेवा विभागाला करायचा.

इथेही तोच प्रश्न येतो, निकष कुठायत. कलम ८ मध्ये या १० जणांना काय यायला हवं हे लिहिलेलंच नाही. कलम १० मध्ये कोण चालणार नाही एवढं आहे, उदाहरणार्थ पगारी सरकारी अधिकारी, दिवाळखोर, बँकेचा नोकर. खासदार आमदार असेल तर नेमणुकीपासून दोन महिन्यांत ते पद सोडावं लागतं, नाही तर नेमणूकच रद्दबातल. म्हणजे सक्रिय खासदाराला दार बंद आहे पण खासदारकी नसलेल्या पक्षाच्या माणसाला कायदा अडवत नाही. मला हे फार खटकतं. आपल्या ठेवी ज्या बँकांत आहेत त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या बोर्डाला दारात तरी एक चाळणी हवी होती.

केंद्राला अर्ज करताना फीकडे फार लक्ष द्या, सगळ्यात जास्त अर्ज माझ्यासमोर इथेच परत आलेत. महाराष्ट्र सरकारला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चालतं, केंद्राला चालत नाही. केंद्राला पोस्टल ऑर्डर अकाउंट्स ऑफिसरच्या नावे काढा किंवा सरळ केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन भरा. आणि राज्याच्या अर्जावर रेव्हेन्यू तिकीट चिकटवू नका, ते पावतीवर लावायचं असतं, कोर्ट फी स्टॅम्प वेगळं. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी माफ आहे पण दाखल्याची प्रत जोडावीच लागते. अर्ज स्वतःच्या नावाने करा, संस्थेच्या लेटरहेडवर नको, कारण हक्क नागरिकाला आहे. परदेशात असलात आणि भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्हीही करू शकता, ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, मात्र नाही.

जिल्हा बँकेचं किंवा नागरी सहकारी बँकेचं विचारायचं असेल तर बँकेला अर्ज करून उपयोग नसतो. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने थलाप्पलम प्रकरणात सांगितलं की सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती अधिकार लागू असलेल्या संस्था, नाहीत. पण त्याच निकालात वाटही आहे, सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या निबंधकाला कायद्याने संस्थेकडून जी माहिती घेता येते ती तुम्ही निबंधकाकडे मागू शकता. म्हणून जिल्हा उपनिबंधक किंवा पुण्याचं सहकार आयुक्त कार्यालय. बँकेवर संचालक मंडळाऐवजी प्रशासक नेमला असेल तर आदेशाची प्रत, आणि रिझर्व्ह बँकेच्या ज्या पत्रावरून नेमला त्याची प्रत मागा. राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ २०११ मध्ये बरखास्त करून प्रशासक आणले तेव्हापासून लोकांना प्रशासक म्हणजे काय ते माहीत झालं, पण प्रशासक नेमण्याचे कागद मागता येतात हे अजून फार कमी जणांना ठाऊक आहे.

आता माहिती अधिकार कायद्यातली नकाराची दोन ठरलेली कलमं. एक ८(१)(आय), मंत्रिमंडळाची कागदपत्रं. हे आलं तर घाबरू नका, त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे शेवटी जोडलेल्या अटीत, लिहिलंय की निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत साहित्य जाहीर करायचं. नेमणुकीचा जीआर निघाला म्हणजे विषय पूर्ण झाला, अपिलात हे वाक्य लिहाच. दुसरं ८(१)(जे), वैयक्तिक माहिती. हे आता जास्त अवघड झालंय. डेटा संरक्षण कायद्याने हे कलम बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू आहे, आधी "सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली" अशी अट होती ती गेली, आता वैयक्तिक माहिती म्हटलं की नकार. म्हणून सदस्याचा बायोडेटा, पत्ता, मालमत्ता अर्जात मागूच नका, त्याच्या आडोशाने सगळा अर्ज फेटाळतात. निकष, टिपणी, मानधनाचा खर्च, बैठकांची इतिवृत्तं मागा. आणि कलम ८(२) अजून शाबूत आहे, सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, ते अपिलात वापरा.

मुदतीचं गणित लोक सगळ्यात जास्त चुकवतात, उत्तराची वाट बघत बसतात. समजा अर्ज १ जूनला पोचला. १ जुलैपर्यंत उत्तर नाही म्हणजे कायद्याने तो नकारच. पहिलं अपील ३१ जुलैपर्यंत, त्याच ऑफिसच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे, राज्यात २० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, केंद्रात फी नाही. त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा, आणि नाही दिला तर दुसरं अपील माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. हे ९० दिवस ३० व्या दिवसापासून मोजा, ४५ व्यापासून नको, म्हणजे वाद उरत नाही. एक भानगड मधेच होते, प्रतींसाठी पैसे भरा असं पत्र येतं, राज्यात पानाला २ रुपये, आणि तुम्ही पैसे भरेपर्यंत त्यांचे ३० दिवस थांबलेले असतात. मागच्या पावसाळ्यात एका मावशींनी ते पत्र "काहीतरी सरकारी" म्हणून देव्हाऱ्यात ठेवून दिलं होतं, दोन महिने. ४६ रुपयांसाठी अर्ज अडकला होता. पाकीट आलं की त्याच दिवशी फोडा आणि पाकीटही जपून ठेवा, पोस्टाचा शिक्का अपिलात लागतो.

फाइल जाडजूड असेल तर प्रतींऐवजी पाहणी मागा, आधी फाइल बघून हवी तीच पानं घ्या. बसल्यावर पहिल्यांदा टिपणी भागातले पानांचे नंबर सलग आहेत का ते तपासा. एकदा एका ऑफिसात १४ नंतर थेट १७ नंबरचं पान होतं, मी तिथेच कोऱ्या कागदावर तसं लिहून अधिकाऱ्याची पोच घेतली, आणि आठवड्याने दोन्ही पानं आली, दोन्ही शिफारसपत्रं होती.