वाद्यशिक्षण आणि मन

वाद्य शिकताना लक्ष, स्मरण आणि हात यांना लागणारे वळण, तसेच त्या वळणाचा मनाच्या इतर व्यवहारांवर होणारा किंवा न होणारा परिणाम. या विषयावरचे गाजलेले प्रयोग बहुतेक पियानो, व्हायोलिन शिकणाऱ्यांवर झाले आहेत. पण शिकताना मनात नेमके काय चालते, हे तबल्याच्या शिकवणीत अधिक उघड दिसते.

तबला आधी तोंडाने शिकतात. बोल, म्हणजे तबल्याची अक्षरे, म्हणत हाताने टाळी आणि खाली (टाळी न देता हात मोकळा सोडणे) दाखवायची, याला पढंत म्हणतात. त्रितालाच्या मात्रा १६. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्या. हे आवर्तन अंगात मुरले की त्यावर कायदा, म्हणजे विस्तार करण्याजोगी ठरावीक बोलांची रचना, चढतो. ‘धातिट धातिट धाधातिट धागेतिनाकिना’ या दिल्ली घराण्याच्या कायद्यात अक्षरे १६च आहेत, पण त्यांची फोड ३, ३, ४, ६ अशी. तालाचे विभाग मात्र चार-चार मात्रांचे. बोलांचे वजन एकीकडे आणि तालाचे दुसरीकडे, तरी दोन्ही सांभाळायचे. उत्तरार्धात डग्गा (डाव्या हाताचा, खर्जाचा भाग) मुका होतो, ‘धा’चा ‘ता’ होतो. पलटे, म्हणजे त्याच बोलांच्या नव्या जुळण्या, करताना कायद्याबाहेरचा बोल घ्यायचा नाही. म्हणजे एक पलटा हातात वाजत असताना पुढचा मनात जुळवायचा आणि समेचे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचे, भानही सोडायचे नाही. चालू काम न थांबवता गोष्टी मनात धरून ठेवण्याची ही कुवत रियाजात रोज ताणली जाते.

तिहाईत हिशेब आला. ‘तिट कता गदि गन धा’ हा पाच मात्रांचा तुकडा तीनदा वाजवून शेवटचा ‘धा’ समेवर आणायचा, तर तिसऱ्या मात्रेपासून उचलावे लागते. नवशिका हे बोटांवर मोजतो. मुरलेल्याला मोजावे लागत नाही. यावरून तबल्याने मुलाचे गणित सुधारते असे म्हणणारे भेटतात. ती उडी फार लांबची आहे.

मेंदूत बदल दिसतात, हे खरे. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांना, विशेषतः करंगळीला, अधिक जागा मिळालेली १९९५ मध्ये आढळली. लहानपणी सुरुवात केलेल्यांत हा फरक मोठा होता. पण वादनामुळे मेंदू बदलला की तसा मेंदू असलेलेच वादनात टिकले, हे अशा तुलनेतून ठरत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. टोरांटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांवर तसा प्रयोग झाला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी ७ गुणांनी वाढला, इतरांचा, म्हणजे नाटक शिकलेल्यांचा आणि काहीच न शिकलेल्यांचा, ४.३ गुणांनी. फरक तीन गुणांचाही नाही. शिवाय सामाजिक वागणुकीत नाटकाचा गट पुढे गेला, याची चर्चा क्वचितच होते. पुढे २०२० मध्ये ५४ अभ्यास एकत्र तपासले गेले. तुलनेच्या गटालाही दुसरे काही शिकवले होते, तिथे संगीताचा इतर विषयांतला लाभ जवळपास शून्य निघाला.

मोझार्टचे संगीत ऐकल्याने बुद्धी वाढते, हा ‘मोझार्ट परिणाम’ हे वेगळेच प्रकरण. १९९३ च्या त्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे संगीत फक्त ऐकले होते, आणि आकृत्यांच्या कोड्यांतला फायदा पाव तासात ओसरला. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांसाठी शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका वाटण्याचा प्रस्ताव मांडला.

खात्रीने वाढते ते वाद्याने प्रत्यक्ष मागितलेले : काळाचे भान, बारीक ऐकणे, दोन हातांची वेगवेगळी कामे आणि चूक ऐकू आली की लय कमी करून तोच बोल पुन्हा घासण्याची सवय. साथसंगतीत आणखी एक गोष्ट लागते. अतिविलंबित एकतालाच्या १२ मात्रांचे आवर्तन मिनिटभरही चालू शकते. तेवढा वेळ तबलजी गायकाकडे कान ठेवून साधा ठेका धरतो, हात शिवशिवत असले तरी.

न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांच्या पाहणीत (२००३) वाद्य वाजवणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. वाचन, बैठे खेळ आणि नृत्य यांबाबतही तसेच दिसले.