त्रैराशिक

त्रैराशिक : तीन राशी माहीत असताना त्यांच्याशी प्रमाणात असलेली चौथी राशी काढण्याची अंकगणितातील रीत. ‘५ किलो ज्वारी २४० रुपयांना, तर १२ किलो केवढ्याला?’ या प्रश्नात ५ किलो हे प्रमाण, २४० रुपये हे फल, १२ किलो ही इच्छा आणि काढायचे ते इच्छाफल. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की इच्छाफल येते : २४० × १२ ÷ ५ = ५७६ रुपये. शालेय पुस्तकांत हे नाव आता क्वचितच आढळते. एकमान पद्धत, गुणोत्तर, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, चलन अशा पाचवी ते आठवीच्या प्रकरणांत तीच रीत विभागून शिकवली जाते. पुढील उदाहरणे मुख्यतः सोलापूर शहर व जिल्ह्यातील व्यवहारांतून घेतली आहेत. त्यांतील दर केवळ हिशेबापुरते मानावेत.

उगम व कालनिर्णय : रीत नेमकी केव्हा व कोठे निर्माण झाली याविषयी एकमत नाही. वेदांगज्योतिष या प्राचीन कालगणनेच्या ग्रंथात ज्ञात फलाला ज्ञेय राशीने गुणून ज्ञात राशीने भागावे अशा आशयाचा श्लोकार्ध आहे. तो त्रैराशिकाचा सर्वांत जुना भारतीय उल्लेख मानण्याकडे कल आहे. मात्र त्या ग्रंथाचा काळच वादग्रस्त आहे. त्यातील अयनबिंदूंच्या (सूर्य उत्तरेकडे वा दक्षिणेकडे वळतो त्या स्थानांच्या) स्थितीवरून इ.स.पू. चौदावे ते बारावे शतक असा निष्कर्ष निघतो, तर भाषेवरून तो पुष्कळ अलीकडचा ठरतो. आकाशाचे निरीक्षण जुने व शब्दरचना नंतरची असा मध्यममार्ग काही अभ्यासक सुचवतात, आणि तो अधिक ग्राह्य वाटतो. पण तसे असेल तर त्या श्लोकार्धावरून रीतीचे वय सांगता येत नाही, ही अडचण उरतेच.

पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ मध्ये सापडलेल्या भूर्जपत्रावरील हस्तलिखितात त्रैराशिकाची मांडणी आणि उत्तराचा पडताळाही त्रैराशिकानेच घेण्याची पद्धत आढळते. त्याचा काळ अभ्यासकांपैकी हर्नले यांनी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, के यांनी थेट बाराव्या शतकात, तर हायाशी यांनी सातव्या शतकाच्या आसपास ठेवला. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या कार्बन-कालमापनात तीन पानांचे तीन वेगळे काळ आले : २२४–३८३, ६८०–७७९ आणि ८८५–९९३. यावरून हस्तलिखित तिसऱ्या-चौथ्या शतकातील ठरवण्याची घाई झाली. परंतु अक्षरवळण आणि विषयाची सलगता पाहता सर्व पाने एकाच लेखनाची दिसतात. तसे असेल तर लेखनाचा काळ सर्वांत अलीकडच्या पानाहून जुना धरता येणार नाही. भूर्जपत्राचे वय म्हणजे त्यावरील गणिताचे वय नव्हे, हेही लक्षात घ्यावे लागते.

निश्चित कालाचा भक्कम आधार आर्यभटीयात (इ.स. ४९९) मिळतो. गणितपादातील एका आर्येत फलराशीला इच्छाराशीने गुणून प्रमाणाने भागण्याचा नियम दिला आहे. ब्रह्मगुप्ताने (इ.स. ६२८) तो व्यस्त त्रैराशिक (एक राशी वाढली की दुसरी घटते असे) आणि पाच, सात, नऊ, अकरा राशींपर्यंत वाढवला. चीनमधील ‘नऊ अध्याय’ या संग्रहाच्या धान्यविनिमयाच्या अध्यायात हीच रीत असून तो संग्रह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सिद्ध झाला असावा. तेथून ती भारतात आली, असे मत मांडले गेले आहे. दोन्हीकडे स्वतंत्रपणे उद्भवली असण्याचा संभव नाकारता येत नाही. मालाची अदलाबदल जेथे आहे तेथे ही रीत निघणे स्वाभाविक आहे. पश्चिमेकडील प्रसाराबाबत मात्र संशय कमी आहे. अकराव्या शतकातील पंडित अल्बीरूनीने भारतीय ‘राशिकां’वर (त्रैराशिक, पंचराशिक इत्यादींवर) अरबीत स्वतंत्र प्रबंध लिहिला होता.

सोलापूरच्या दृष्टीने दोन ग्रंथकार जवळचे आहेत. गणितसारसंग्रहाचा कर्ता महावीर (सु. इ.स. ८५०) हा राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे सोलापूरला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. दुसरा भास्कराचार्य (जन्म इ.स. १११४). आपले गाव विज्जडविड हे सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे तो सांगतो. नामसाम्यावरून विज्जडविड म्हणजे विजापूर असे काहींनी मानले. परंतु विजापूर सह्याद्रीपासून बरेच पूर्वेला आहे. शिवाय त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यामुळे खानदेशाचा पक्ष बळकट ठरतो.

भास्कराचार्याच्या लीलावतीतील (इ.स. ११५०) केशराचे उदाहरण अपूर्णांकांच्या सरावासाठी आजही उत्तम आहे : ३/७ निष्कांना (निष्क हे जुने नाणे) २½ पल (पल हे जुने वजन) केशर, तर ९ निष्कांना किती? २½ × ९ ÷ ३/७ = ५२½ पल. पंचराशिकात भास्कराचार्य दोन बाजूंना दोन स्तंभ मांडतो : एकीकडे १ महिना, १०० मुद्दल, ५ व्याज, दुसरीकडे १२ महिने, १६ मुद्दल. फल पलीकडच्या स्तंभात न्यायचे आणि जास्त राशी असलेल्या स्तंभाच्या गुणाकाराला दुसऱ्या स्तंभाच्या गुणाकाराने भागायचे : १२ × १६ × ५ ÷ (१ × १००) = ९.६. आठवीतील मुले सूत्रात किमती घालून हेच उत्तर काढतात. पण एखादी राशी गाळली गेली तर सूत्रात ती दिसत नाही, स्तंभात रिकामी जागा दिसते.

मांडणी : पहिली व तिसरी राशी एकाच जातीची व एकाच एककात हवी, मधली राशी उत्तराच्या जातीची. हा नियम मोडल्याने होणारी चूक कांद्याच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबाच्या कागदात) नेहमी आढळते. सोलापूरच्या बाजार समितीत भाव क्विंटलचा निघतो, वजन किलोत भरते आणि हमाली-तोलाई गोणीमागे लागते. समजा १८ गोण्यांचे वजन ९३६ किलो आणि भाव १,४५० रुपये. ९३६ किलो म्हणजे ९.३६ क्विंटल, रक्कम १३,५७२ रुपये. हमाली-तोलाई मिळून गोणीला १२ रुपये धरल्यास वजावट २१६, हाती १३,३५६. येथे एकाच कागदावर दोन निरनिराळी प्रमाणे आहेत. तोच माल ४०–४० किलोच्या गोण्यांत भरला तर रक्कम तीच राहते, पण गोण्या २४ होतात आणि वजावट २८८ वर जाते. ‘वजावट रकमेच्या इतके टक्के’ असा ठोकताळा मुलांनी बांधला की पुढच्या पट्टीला तो चुकतो.

सम की व्यस्त हे गुणाकाराच्या आधी ठरवायचे असते. १२ यंत्रमागांवर एक काम ८ दिवसांत होत असेल तर १६ मागांवर किती दिवस? सवयीने ८ × १६ ÷ १२ करणाऱ्याला १०⅔ दिवस मिळतात. माग वाढले आणि दिवसही वाढले, हे तपासले असते तर चूक तिथेच कळली असती. व्यस्तात प्रमाणाने गुणून इच्छेने भागतात : ८ × १२ ÷ १६ = ६. उत्तराची दिशा (जास्त की कमी) आधी समासात लिहून मग आकडेमोड करण्याची शिस्त लावल्यास अशा चुका बऱ्याच कमी होतात.

सुताचा काउंट : व्यस्त प्रमाणाचे सोलापुरातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सुताचा काउंट. कापसाच्या सुताच्या इंग्रजी पद्धतीत एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका काउंट. म्हणजे २० काउंटच्या एका पौंडात १६,८०० यार्ड सूत. आकडा वाढेल तसे सूत बारीक आणि ठरावीक लांबीचे वजन कमी. चादर-टॉवेलला जाडसर, म्हणजे कमी काउंटचे सूत लागते. मेट्रिकमध्ये वजन (ग्रॅम) = तारा × लांबी (मीटर) × ०.५९०५ ÷ काउंट. २,४०० तारांचा १०० मीटर ताणा (मागावरचे उभे सूत) एकेरी २० काउंटचा असेल तर २,४०,००० × ०.५९०५ ÷ २० = ७,०८६ ग्रॅम, म्हणजे सुमारे ७.०९ किलो.

खरी चूक दुपदरी सुतात होते. २/२० म्हणजे २० काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले. त्याचा परिणामी काउंट १०. भागाकारात १० ऐवजी २० घातले की ताण्याला १४.१७ किलोऐवजी निम्मेच सूत मागवले जाते. दोन पदर वेगळे असतील तर प्रश्न आणखी शिकवणारा होतो. २० आणि ३० काउंटचे पदर एकत्र पिळले तर परिणामी काउंट किती? बेरजेने ५० आणि सरासरीने २५ अशी उत्तरे येतात. दोन्ही चूक, कारण दोन पदरांचे सूत कोणत्याही एका पदराहून जाडच असणार, म्हणजे काउंट २० च्या खाली हवा. काउंट नव्हे, वजने मिळवायची : १/२० + १/३० = १/१२, म्हणून काउंट १२. पिळामुळे लांबी थोडी आखडते, त्यामुळे प्रत्यक्षात तो किंचित कमी भरतो. तारा, लांबी आणि काउंट या तीन राशी वजनाशी जोडणारा हा हिशेब खरे तर सप्तराशिक आहे, आणि त्यातली एकच राशी व्यस्त आहे.

शेकडेवारी : येथे प्रमाण कायम १०० असते, उरतो तो प्रश्न शंभर कशाचे. उजनी धरणाच्या टक्क्यांइतका या प्रश्नाचा चांगला नमुना जिल्ह्यात दुसरा नाही. एकूण साठा ११७.२३ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यापैकी ६३.६६ मृतसाठा (तळाचा, उपयुक्त न धरलेला) आणि ५३.५७ उपयुक्त. जाहीर होणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. धरणात एकूण १०० टीएमसी पाणी असेल तर उपयुक्त पाणी ३६.३४ टीएमसी आणि टक्केवारी ६७.८४, एकूण साठ्यावर काढली तर ती ८५.३० दिसते. एकूण पाणी ५० टीएमसीवर आले की ते मृतसाठ्याच्या १३.६६ टीएमसी खाली असते आणि धरण ‘वजा २५.५ टक्के’ होते. पाणी असूनही टक्के उणे कसे, असा प्रश्न मुले विचारतात. ऋण संख्येची याहून जवळची ओळख सोलापूरकराला शोधावी लागत नाही. उलट टोकाला, १११ टक्के म्हणजे एकूण सुमारे १२३ टीएमसी. धरण ४० टक्क्यांवरून ६० वर गेले तर वाढ २० टक्क्यांची म्हणायची की ५० टक्के? टक्केवारीचा आकडा २० अंकांनी वाढला, उपयुक्त पाणी मात्र आधीच्या दीडपट झाले. दोन्ही विधाने खरी. कशाच्या तुलनेत ते सोबत सांगावे लागते.

पिकांच्या पैसेवारीतही (पूर्ण पिकाच्या तुलनेत आलेल्या पिकाच्या अंदाजातही) तेच. पूर्वी १६ आणे पीक म्हणजे पूर्ण पीक धरून आणेवारी काढत (१ आणा म्हणजे ६¼ टक्के). आता पूर्ण पिकाचे १०० पैसे धरतात आणि ५० च्या खालची पैसेवारी टंचाईची खूण मानली जाते. पीककापणीचा तुकडा १० मी. × १० मी. असेल तर तो हेक्टरचा शंभरावा भाग, त्यात ३.६ किलो ज्वारी निघाली तर हेक्टरी ३.६ क्विंटल. प्रमाण उत्पादन (पूर्ण मानलेले पीक) ८ क्विंटल असल्यास पैसेवारी ४५. तुकडा १० मी. × ५ मी. असेल तर १०० ऐवजी २०० ने गुणावे लागते. हा गुणक विसरला तर पैसेवारी निम्मी येते आणि बरे पीकही टंचाईत जाते. प्रमाण उत्पादन कसे ठरवले यावर तर सगळाच आकडा अवलंबून असतो.

उलट्या दिशेचे हिशेब सर्वांत जास्त चुकतात. भाव १,६०० वरून १,२०० वर आला तर घट २५ टक्के. पुन्हा १,६०० व्हायला वाढ ३३⅓ टक्के लागते. कर धरून १,०५० रुपये किंमत आणि कर ५ टक्के असेल तर कर ५० रुपये. १,०५० चे ५ टक्के काढून ५२.५० लिहिणे चूक, कारण येथे प्रमाण १०५ आहे. १० टक्के सुटीवर आणखी १० टक्के म्हणजे १९ टक्के. गुणोत्तरात याच जातीची चूक अशी : सिमेंट-वाळू १:६ असेल तर सिमेंट एकूण मिश्रणाच्या एक-षष्ठांश नव्हे, एक-सप्तमांश.

सराव : जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (पाव ते साडेतीन अशा अपूर्णांकांचे पाढे) पाठ करून घेत. आणे-शेर गेल्यावर हे पाढे मागे पडले. तरी सवायकी आणि दिडकी येणाऱ्याला १२५ व १५० टक्के लिहून काढावे लागत नाहीत. आज १२½ = १/८, १६⅔ = १/६, ३३⅓ = १/३ अशा जोड्या तरी तोंडी हव्यात. शिष्यवृत्ती परीक्षेत पर्याय दिलेले असतात, आणि नेहमीच्या चुकांनी येणारी उत्तरे त्यांत बहुधा असतात. म्हणून उत्तर पर्यायांत आहे एवढ्यावर ते बरोबर मानू नये. आधी अंदाज, मग एकके, मग दिशा, शेवटी आकडेमोड, आणि बख्शाली लेखकाप्रमाणे उलट त्रैराशिकाने पडताळा, असा क्रम ठेवावा.

जेथे प्रमाणच नाही तेथे त्रैराशिक लावणे ही वेगळी चूक. समजा वीजबिलात स्थिर आकार १३० रुपये आणि युनिटला ६ रुपये आहेत. १०० युनिटांचे बिल ७३०, पण २०० चे १,४६० नव्हे, १,३३०. रिक्षाचे किमान भाडे असेच. राशी शून्य केल्यावर फलही शून्य होते का, हे पाहिले की अशी उदाहरणे वेगळी काढता येतात. टप्प्याटप्प्याने दर बदलणाऱ्या बिलात तेवढेही पुरत नाही. तेथे प्रत्येक टप्प्याचे त्रैराशिक स्वतंत्र मांडून बेरीज घ्यावी लागते.