‘रायफल वर मारते’ म्हणून दुकानात आणण्याआधी

तूर फुलोऱ्यावर आली, जागल सुरू झाली की आमच्या काउंटरवर ठरलेली तक्रार येते: “भाऊ, रायफल वर मारते. साईट पाहून द्या.” साईट, म्हणजे नेम धरायची पत्ती, आम्ही नंतर पाहतो. आधी नळीची खालची बाजू बघतो. तिथं बोटभर पट्ट्यात काळं पॉलिश घासून पांढरं पडलं असलं, तर दोष साईटचा नाही, शेतातल्या माळ्याच्या, म्हणजे मचाणाच्या, बांबूचा आहे.

नळी कडक वस्तूवर टेकवून बार काढला की ती उसळते अन् गोळी नेमाच्या वर जाते. टेकवायचं ते नळीखालचं लाकूड, तेही बारदान्यात रेती भरून किंवा घोंगडीची घडी करून त्यावर. नळी मोकळी पाहिजे.

खरा घोळ पुढं होतो. एक गोळी वर गेली की लोक घरीच मागच्या साईटची पत्ती कानशीनं घासतात. मग नुसत्या हातावर धरली की तीच रायफल खाली मारते. घासलेली पत्ती भरून येत नाही, बदलावीच लागते, अन् सुटा भाग येईस्तोवर डुकरं तूर खाऊन जातात. एका बारावरून साईटला हात लावू नका. परवाना असलेल्या नेमबाजीच्या रेंजवर जा, ५० मीटरवर कागद लावा, रेतीच्या पोत्यावरून तीन बार काढा. तिन्ही एकाच जागी वर लागले तर साईटचं काम. विखुरले तर हाताचं, नाहीतर लाकडाच्या ढिल्या स्क्रूचं. स्क्रू कसायचे आम्ही पैसे घेत नाही.

तो कागद पाहिल्याशिवाय आम्ही साईट हलवत नाही, म्हणून काही गिऱ्हाइकं रुसतात. काडतुसं महाग, हे कबूल. पण जखमी डुक्कर पऱ्हाटीत शिरल्यावर त्याच्या मागं जायची वेळ ज्याच्यावर आली, तो तीन काडतुसांचा हिशेब सांगत नाही.

अजून एक. ३१५ बोअरच्या रायफलची चुकलेली गोळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबत नाही, किलोमीटरच्या पल्याड जाते. रोही (नीलगाय) धुऱ्यावर उभा अन् मागं नुसतं आभाळ, तर चाप ओढू नका. माळ्यावरून खाली, मागं जमीन दिसेल तेव्हाच. तुरीतल्या नुसत्या खसखस आवाजावर तर नाहीच. तिथं शेजाऱ्याची गाय असते, कधी शेजारीही.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रोही अन् रानडुक्कर दोन्ही आहेत. वनखात्याचा लेखी आदेश वेगळा लागतो, अन् त्या आदेशानं मारलेलं जनावरही सरकारचंच. मटणाचं आम्हाला विचारू नका.

येताना मूळ परवाना आणा, त्याशिवाय बंदूक ठेवून घेता येत नाही. बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, काढून, नळी रिकामी करून आणा. घासलेल्या नळीला पुन्हा काळं पॉलिश करून मिळेल. टेकवायला जाड कापडाच्या शिवलेल्या पिशव्याही ठेवल्या आहेत. रेती तुमच्या नाल्यातली चालते.