अवघड किती आणि चांगला किती: जिओकॅशच्या गुणांकनाची पार्श्वभूमी

जिओकॅश म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेला डबा. संकेतस्थळावर त्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात आणि जीपीएसच्या मदतीने तो शोधायचा, हा जिओकॅशिंगचा छंद. जिओकॅशचं तिथलं पान उघडलं की वरच दोन आकडे दिसतात. पहिला डिफिकल्टीचा, म्हणजे डबा सापडायला आणि उघडायला डोकं किती चालवावं लागेल याचा. दुसरा टेरेनचा, म्हणजे तिथवर पोहोचायला अंगाला किती कष्ट पडतील याचा. दोन्ही १ ते ५, मधे अर्ध्या अर्ध्याच्या पायऱ्या. वाट किती अवघड आहे हे या दोन आकड्यांवरून बऱ्यापैकी कळतं. पण एवढी वाट तुडवून जावं असं तिथे काही आहे का, याचा त्यांत पत्ता लागत नाही. अवघडपणा मोजायची सोय या छंदाने अगदी सुरुवातीलाच केली. डबा चांगला आहे की नाही हे सांगायची सोय व्हायला मात्र दहा वर्षं गेली, आणि तीही अर्धीमुर्धीच झाली. आज जिओकॅश निवडताना जो गोंधळ उडतो, त्याचं मूळ या इतिहासात आहे.

खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. जीपीएस ही अमेरिकी सैन्याची यंत्रणा. सामान्य लोकांना मिळणाऱ्या तिच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची. तिला सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी म्हणत. त्यामुळे हातातलं यंत्र दाखवायचं ती जागा आणि खरी जागा यांत शंभरेक मीटरचा फरक पडू शकायचा. शंभर मीटरच्या घेरात रान असेल तर त्यात डबा शोधणं व्यर्थच. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही चूक काढून टाकत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच रात्री ती बंद झाली. जगभरातली यंत्रं एका रात्रीत कितीतरी पटींनी अचूक झाली.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ रस्त्याकडेच्या झाडीत एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा एक डबाबंद कॅन. सोबत वही आणि पेन्सिल. जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी यूजनेट या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर जीपीएसप्रेमींच्या गटात टाकले आणि नियम एकच सांगितला: काही घ्या, काही ठेवा. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. आजचे नियम लावले तर हा पहिलाच जिओकॅश नापास होईल. डबा जमिनीत पुरायला बंदी आहे, आणि खाद्यपदार्थ ठेवायलाही, कारण वास लागला की जनावरं डबा फोडतात.

लपवलेली वस्तू शोधत रानोमाळ हिंडायची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल इथे एक बाटली ठेवली. तिथवर पायपीट करून पोहोचलेल्यांनी तिच्यात आपलं भेटकार्ड टाकून जायचं. त्यातून लेटरबॉक्सिंग उभं राहिलं आणि ते आजही खेळलं जातं. मला ही बाटली महत्त्वाची वाटते, कारण तिथे बक्षीस बाटलीत नव्हतंच. दलदल तुडवत त्या एकाकी जागी पोहोचणं हेच बक्षीस. पुढे जिओकॅशिंगमध्ये 'चांगला डबा कोणता' यावर जे वाद झाले, त्यांतली एक बाजू थेट या बाटलीपाशी जाते.

उल्मर यांची बादली सगळ्यात आधी शोधणाऱ्या माइक टीग यांनी अशा जागांची यादी स्वतःच्या वेबपानावर ठेवायला घेतली. मे महिना संपता संपता मॅट स्टम यांनी जिओकॅशिंग हे नाव सुचवलं. त्याच वर्षी २ सप्टेंबरला सिअ‍ॅटलच्या जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं, तेव्हा जगभरात मिळून ७५ जिओकॅश होते. निवडीचा प्रश्नच नव्हता. जो जवळ तो आपला, मग तो शेकडो किलोमीटरवर का असेना. तेव्हा विचारण्यासारखं एवढंच होतं: झेपेल का? म्हणून आधी अवघडपणाचे आकडे आले, आणि ते योग्यच होतं.

टेरेन १ म्हणजे चाकाची खुर्ची घेऊन जाता येईल अशी जागा. टेरेन ५ म्हणजे दोर, होडी किंवा डुबकीचं साहित्य असं काहीतरी खास हवंच. डिफिकल्टी ५ म्हणजे एखादं विशेष ज्ञान किंवा अवजार लागणार. हे आकडे डबा ठेवणारा मालक स्वतः देतो, त्यामुळे ते त्याच्या नजरेइतकेच नेमके. रोज डोंगर चढणाऱ्याला जी चढण २ ची वाटते, ती नवख्याला साडेतीनची वाटते. हा फरक कमी व्हावा म्हणून सुरुवातीच्या वर्षांत एका खेळाडूने प्रश्नावलीच तयार केली. वाट किती लांब, झाडी किती दाट, डबा समोर दिसतो की हात घालून चाचपावा लागतो, अशा प्रश्नांची उत्तरं दिली की शेवटी दोन आकडे मिळत. पुष्कळ मालकांनी वर्षानुवर्षं तीच वापरली.

१.५/४ आणि ४/१.५ (आधी डिफिकल्टी, मग टेरेन) या दोन जोड्या शेजारी ठेवून पाहा. पहिलीत तीन तास चढून गेल्यावर एकुलत्या झाडाच्या ढोलीत डबा समोरच दिसतो. दुसरीत डांबरी रस्त्यापासून वीस पावलांवर लोखंडी कठडा असतो आणि त्याच्या एका बोल्टचं डोकं हे खरं डोकं नसून करंगळीच्या पेराएवढा चुंबकी डबा, म्हणजे नॅनो, असतो. आत गुंडाळलेली कागदाची पट्टी, तीही चिमट्याशिवाय बाहेर न येणारी. दोन्हींत एक दिवस आनंदाने जाऊ शकतो, पण माणसं वेगळी लागतात. स्वतःला यांतलं काय आवडतं हे ठाऊक असेल तर हे आकडे निवडीला खरंच उपयोगी पडतात. उंच आकडा म्हणजे उत्तम डबा, असा अर्थ काढला की ते फसवतात.

आणि तसा अर्थ लोकांनी काढला. दोन्ही पट्ट्या मिळून ८१ जोड्या होतात. त्या सगळ्या पूर्ण करायची चढाओढ खेळात लवकरच रुजली. त्यामुळे जी माहिती होती ती जमवायची वस्तू झाली. दुर्मिळ जोडी असली की साध्या डब्याकडेही लोक गाडी काढून निघतात, आणि हे जाणून काही मालक आकडा चढवूनही ठेवतात. चुकलेला आकडा मालकाने प्रामाणिकपणे दुरुस्त केला, तर तक्ता भरत आणलेले खेळाडू नाराज होतात! माझ्या मते या खेळातल्या मोजमापाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं.

५/५ चं टोक पाहायचं तर पृथ्वी सोडावी लागते. ऑक्टोबर २००८ मध्ये स्वखर्चाने अंतराळात गेलेल्या रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात जिओकॅश ठेवला आणि २०१३ मध्ये नासाचे अंतराळवीर रिक मास्ट्राकिओ तिथे जाऊन त्याची नोंद करून आले.

चांगल्या-वाईटाचा निवाडा वरून करून पाहायचा एक मोठा प्रयत्न व्हर्च्युअल जिओकॅशबाबत झाला. यात डबा नसतोच. जागेवर जायचं, तिथे पाहिल्याशिवाय देता येणार नाही असं उत्तर द्यायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबे ठेवता येत नसल्याने हा प्रकार सोयीचा होता. पण बघता बघता कुठलाही फलक, कुठलाही पुतळा व्हर्च्युअल म्हणून येऊ लागला. मग जागेत थक्क करणारं काहीतरी हवं अशी अट आली आणि ते आहे की नाही हे मंजुरी देणाऱ्या स्वयंसेवकांनी ठरवायचं झालं. एकाला जे भव्य वाटतं ते दुसऱ्याला किरकोळ, त्यामुळे रोजचे वाद. २००५ मध्ये नवे व्हर्च्युअल घेणंच बंद झालं. २०१७ मध्ये ते परत आले, तेही निवडक ४,००० मालकांना प्रत्येकी एक ठेवायची मुभा देऊन. अर्थकॅश हा डबा नसलेलाच दुसरा प्रकार मात्र टिकला. अर्थकॅश २००४ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या भूशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सहभागाने सुरू झाले आणि पहिला ऑस्ट्रेलियात होता. त्यांची अट ठोस होती: जागेने भूशास्त्राचं काहीतरी शिकवलं पाहिजे. 'थक्क करणारं' कुणाला ठरवता आलं नाही, पण इथल्या खडकातून काय कळतं हे तपासता येतं. आजही नव्या प्रदेशात गेल्यावर मी आधी अर्थकॅश बघायला सांगेन.

डब्यांची संख्या मात्र वाढतच होती. दोन जिओकॅशमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं, हा नियम गर्दी टाळायला होता. काहींनी त्यातूनच वाट काढली. रस्त्याकडेने बरोबर तेवढ्या अंतरावर फिल्मच्या डब्या ठेवत गेलं की पॉवर ट्रेल तयार. नेवाडातल्या वैराण महामार्गावर २०१० मध्ये उभी राहिलेली ई.टी. हायवे ही हजाराहून अधिक डब्यांची माळ यात सगळ्यात गाजली. गाडी थांबवायची, सही करायची, पुढे निघायचं. एका दिवसात शेकडो डबे. यात गंमत वाटणारे पुष्कळ आहेत, आणि मित्रांसोबत दिवसभर एका लयीत पुढे सरकत राहायचं सुख मी नाकारणार नाही. पण एकूण शोधांची संख्या हा खेळाडूच्या अनुभवाचा पुरावा मानला जायचा, तो अर्थ इथे संपला. तीन तास चढून मिळवलेला एक आणि रस्त्याकडेचा एक, दोघांचा हिशेब सारखाच.

त्याच वर्षी एकूण जिओकॅशची संख्या दहा लाखांवर गेली आणि वर्षाअखेरीस, डिसेंबर २०१० मध्ये, फेव्हरिट पॉइंट आले. पैसे भरणाऱ्या सदस्याने दहा जिओकॅश शोधले की एक पॉइंट मिळतो आणि तो त्याने आवडलेल्या डब्याला द्यायचा. ही कल्पना अगदीच नवी नव्हती. जर्मनीतल्या ओपनकॅशिंग या दुसऱ्या संकेतस्थळावर शोधांच्या प्रमाणात शिफारशी देता येत होत्या, आणि जीसीव्होट नावाच्या ब्राउझरच्या जोडणीतून खेळाडू आपापले तारे देत होते. पण अधिकृत पानावर 'हा आवडला' असं सांगायची सोय झाल्याने फार फरक पडला. वाईट म्हणायची सोय मुद्दाम नाही, हे मला पटतं. डबा ठेवणारा माणूस फुकट, हौसेने ठेवतो. त्याला एक तारा देऊन कुणाचंच भलं होत नाही. शिवाय दहातून एकच द्यायचा असल्याने हात आखडता राहतो आणि पॉइंटला किंमत येते.

तरी नुसत्या एकूण पॉइंटवर जाऊ नये. प्रसिद्ध चौकातल्या साध्या डब्याकडे हजारो प्रवासी येतात, त्यातल्या काहींनी दिले तरी ढीग जमतो. डोंगरमाथ्यावरच्या डब्याकडे वर्षाला मोजकेच जातात. म्हणून टक्केवारी बघावी: शोधणाऱ्या सदस्यांपैकी कितीजणांनी पॉइंट दिला. एकाकडे चारशे पॉइंट आणि आठ टक्के, दुसऱ्याकडे अठरा पॉइंट आणि सत्तर टक्के असतील, तर माझी पावलं दुसऱ्याकडे वळतात. टक्केवारीलाही खोट आहे. अवघड जागी मुळात तयारीचे, हौशी लोकच जातात आणि ते उदार असतात, त्यामुळे उंच टेरेनच्या डब्यांची टक्केवारी जरा फुगते.

इतक्या वर्षांत बदललं नाही असं एकच साधन आहे, ते उल्मर यांच्या बादलीतही होतं: नोंद. आता ती कागदावर सहीपुरती आणि पानावर सविस्तर असते, किंवा असायला हवी. फोनवर शोधणं सोपं झालं तशा 'सापडला, धन्यवाद' एवढ्याच नोंदी वाढल्या. तेच दोन शब्द दिवसभरातल्या साठ डब्यांवर चिकटवलेले दिसतात. पण यादीत खाली जात राहिलं की मधेच एखादा परिच्छेद सापडतो. वाट चुकून ओढ्यापाशी कसे पोहोचलो, झाकणाची युक्ती मुलीला कशी आधी कळली, परतताना वरून काय दिसलं. ज्या डब्याच्या पानावर अशा लांब नोंदी पुन्हा पुन्हा येतात, तिथे काहीतरी आहे हे नक्की समजावं. उलट, एरवी सहज सापडणाऱ्या डब्यावर अलीकडच्या तीन-चार नोंदी 'सापडला नाही' अशा असतील तर डबा बहुधा गेलेला आहे. शेवटचा शोध कधीचा ते पाहूनच निघावं. जोडीला मालकाची देखभालीची नोंद पाहावी. ओली वही बदलून वर्ष झालं नसेल, तर मालकाचं डब्याकडे लक्ष आहे.

नव्या डब्याकडे यातलं काहीच नसतं. ना पॉइंट, ना टक्केवारी, ना नोंदी. फक्त मालकाने दिलेले दोन आकडे आणि त्याचं वर्णन. काही खेळाडू पहिला शोध आपल्या नावावर लागावा म्हणून सूचना येताच रात्रीसुद्धा बाहेर पडतात. पुढच्या कित्येक आठवड्यांत त्या पानावर येणारा प्रत्येकजण त्यांचीच नोंद वाचून जायचं की नाही ठरवतो. म्हणून पहिलेपणाची घाई झाल्यावर, घरी येऊन चार ओळी जास्त लिहाव्यात: आकडे बरोबर वाटले का, वाट कशी होती, आणि डबा नसता तरी त्या जागी गेलो असतो का.