डोंगरउताराच्या रानासाठी पलटी नांगर घेताना

पाटण, जावळी, भोर, मावळ, आंबेगाव, अकोले या पट्ट्यातली मंडळी नांगर बघायला येतात आणि पहिलंच विचारतात, “दोन फाळी घेऊ की तीन?” सपाट रानाला तो प्रश्न ठीक आहे. उताराच्या रानात फाळांच्या संख्येआधी ठरवायचं असतं ते हे, की माती कोणत्या अंगाला पडणार. ते एकदा कळलं की नांगर किती मोठा, कसला आणि कोणत्या ट्रॅक्टरला, हे आपोआप ठरत जातं. म्हणून हे पत्रक तिथूनच सुरू करतो.

माती वरच्या अंगाला

साधा नांगर माती कायम उजवीकडेच टाकतो. उताराला आडवं नांगरायला घेतलं तर जाताना माती चढाकडे पडते आणि येताना उताराकडे. हे टाळायला चालक शेतात गोल गोल फिरतात, मग रानाच्या मधोमध एक रिकामी नाळ उरते. वळवाचा पहिला जोराचा पाऊस त्याच नाळेतून वाट काढतो. दुसरी पद्धत म्हणजे वरून खाली उभी नांगरट. भाड्याचा ट्रॅक्टर बहुधा हेच करतो, कारण आडवं चालवताना ट्रॅक्टर कलतो आणि चालकाला भीती वाटते. त्याचं चुकत नाही, पण त्या प्रत्येक उभ्या तासातून, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरातून, तुमचं रान खाली वाहतं.

पलटी नांगरावर उजवे आणि डावे असे दोन्ही फाळ असतात. टोकाला पोचलं की नांगर उलटवायचा आणि आधीच्या तासाला लागूनच परत यायचं. दोन्ही खेपांना माती एकाच अंगाला पडते, मधे नाळ राहत नाही. ते अंग चढाकडचंच ठेवा, असा आमचा आग्रह आहे.

एक कारण मातीचं. तुमच्या वावरात वरच्या बांधाखाली मुरूम उघडा पडलाय आणि खालच्या बांधापाशी माती साचलीय का, बघा. दोष सगळा पावसाला दिला जातो, पण त्यात नांगराचाही मोठा हात असतो. दरवर्षी माती थोडी थोडी खाली पलटत गेली की काही वर्षांत ती खालच्या बांधाला जाऊन बसते. वर पलटली तर तेवढी तरी परत चढते.

दुसरं कारण तुमच्या जिवाचं आहे आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. माती वर टाकायची तर काम वरच्या बांधापासून सुरू करून खाली यावं लागतं. मग उघडा तास कायम ट्रॅक्टरच्या वरच्या अंगाला असतो आणि त्यात वरचं चाक चालतं. म्हणजे चढाकडची बाजू खाली बसते आणि ट्रॅक्टर बराचसा सरळ होतो. माती खाली टाकली की नेमकं उलटं: उताराकडचं चाक तासात जातं आणि मुळातला कल आणखी वाढतो.

हिशेब करून बघा. तास २० सेंटिमीटर खोल आहे आणि मागच्या दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर १४० सेंटिमीटर. एक चाक तासात गेलं की ट्रॅक्टर सुमारे ८ अंश कलतो. रानाचा उतार १० टक्के असेल तर तो स्वतःच जवळपास ६ अंश. माती खाली टाकत चाललात तर एकूण कल १४ अंश, वर टाकत चाललात तर फक्त २, आणि तोही डोंगराकडे. मधे एखादा दगड चाकाखाली आला तर या दोन आकड्यांतला फरक काय करू शकतो, हे सांगायला नको. पहिली खेप मात्र तासाच्या आधाराविना असते, ती उथळ आणि हळू घ्या.

वर टाकण्याला मर्यादाही आहे. उतार वाढला की पलटलेली माती घसरून परत तासात येते. ट्रॅक्टर ताशी ५ किलोमीटरच्या आसपास चालला आणि फाळाच्या वरचा पंखा, म्हणजे माती पलटवणारा वाकडा पत्रा, लांब, पिळाचा असला तरच ती नीट पलटते. आखूड, उभ्या पंख्याचा नांगर स्वस्त मिळतो, पण उताराला घेऊ नका.

उतार मोजा

अंदाजाने सांगितलेला उतार बहुतेक वेळा चुकतो. गवंड्याकडची पाण्याची नळी आणा. वरपासून खाली १० मीटर अंतरावर दोन काठ्या उभ्या करा, नळीतल्या पाण्याच्या पातळीची खूण दोन्ही काठ्यांवर करा आणि जमिनीपासून खुणेपर्यंतची उंची मोजा. दोन उंचींतला फरक सेंटिमीटरमध्ये घेऊन १० ने भागा, उतार टक्क्यांत मिळेल. फरक ८० सेंटिमीटर आला तर उतार ८ टक्के. रानात जिथे सगळ्यात जास्त उतार दिसतो तिथे मोजा.

उतार १५ टक्क्यांच्या वर निघाला तर आम्ही ट्रॅक्टरचा नांगर सुचवत नाही. तिथे आंबा, काजू, नाहीतर कायमचं गवत लावा, किंवा आधी मजगी (उतारावर पायऱ्यांसारखे सपाट टप्पे) पाडून घ्या. आमची एक विक्री गेली तरी चालेल.

ट्रॅक्टर आणि फाळ

पलटी नांगर दोन नांगरांचं वजन एकदम वाहतो, कारण निम्मे फाळ कायम हवेत असतात. दोन फाळी हायड्रॉलिक नांगर साधारण साडेतीनशे ते साडेचारशे किलो भरतो. हे सगळं वजन मागे टांगलेलं असतं. चढावर पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंग लागत नाही. पुढे वजनाच्या प्लेटा नसतील तर आधी त्या लावा, मग नांगराचं बोलू.

सपाटीवर ४५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर दोन फाळी नांगर ओढतो. उतारावर चाक घसरतं, माती चढाकडे ढकलायला ताकद लागते आणि वेग टिकवावा लागतो. म्हणून आमचा सल्ला एक पायरी खाली राहण्याचा: सपाटीवर तीन फाळी ओढणाऱ्याने उताराला दोन फाळी घ्यावा. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर बराच फरक पडतो. मागच्या चाकांमधलं अंतर जितकं वाढवता येईल तितकं वाढवा, पण तासातलं चाक आणि पहिला फाळ यांची जुळणी त्यानंतर पुन्हा बघून घ्यावी लागते. नांगर बाजूला सरकू न देणाऱ्या चेन ढिल्या ठेवू नका. ढिल्या चेनवर नांगर उताराकडे सरकतो आणि तास कधी रुंद, कधी अरुंद पडतो.

रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी चौकट) आणि सीट बेल्टबद्दल दुकानात कुणी विचारत नाही. आम्हीच विचारतो.

हायड्रॉलिक की मेकॅनिकल

मेकॅनिकल पलटी हलका, स्वस्त, आणि जुन्या ट्रॅक्टरलाही जोडता येतो. अडचण शेताच्या टोकाला येते. ट्रॅक्टर कललेला असताना नांगर कधी अर्धवटच फिरतो आणि लॉक नीट बसत नाही. मग चालक खाली उतरून हाताने ढकलायला जातो. उतारावर, उचललेल्या नांगराखाली माणूस, हे आम्हाला अजिबात पसंत नाही.

हायड्रॉलिकमध्ये सिलिंडर नांगर उलटवतो, सीटवरून उठावं लागत नाही. त्यासाठी ट्रॅक्टरला डबल ॲक्टिंग व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरला दोन्ही बाजूंनी तेल देणारा व्हॉल्व्ह, लागतो. नसेल तर वेगळा बसवता येतो, त्याचा खर्च आधीच धरा. उताराच्या रानासाठी आम्ही हायड्रॉलिकच घ्या म्हणतो, बजेट ताणावं लागलं तरी. उलटवताना ट्रॅक्टर थांबवा, नांगर पूर्ण उचला, जवळ कुणी नाही हे बघा, उलटवा आणि मगच वळा. वळताना नांगर गरजेपेक्षा उंच ठेवू नका.

मुरूम, दगड आणि भातखाचरं

दगडगोट्यांच्या रानात दांड्याला शिअर बोल्ट असलेला नांगर घ्या. फाळ दगडाला अडला की बोल्ट तुटतो, दांडा वाचतो. सारखा तुटतो म्हणून तिथे कडक बोल्ट ठोकणारे आहेत, त्यांचे वाकलेले दांडे आमच्या वर्कशॉपमध्ये येतात. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचाच घाला आणि डझनभर जवळ ठेवा. टोकाला पुढे सरकवता येणारा बार पॉइंट असला तर झिजला की सरकवून, उलटून वापरता येतो.

नांगरण्याआधी कुदळीने खोदून माती किती आहे ते बघा. वीतभर मातीखाली मुरूम असेल तर खोल नांगरून मुरूम वर आणू नका.

भाताची छोटी खाचरं असतील तर मोठा नांगर विसरा. दोन-चार गुंठ्यांत ट्रॅक्टर वळवायलाच निम्मी जागा जाते. शिवाय चिखलणीने खाली जो घट्ट थर तयार होतो तोच पाणी धरतो, तो फोडला तर खाचर गळायला लागतं. तिथे पॉवर टिलरला लागणारा एक फाळी पलटी पुरतो.

अनुदान

कृषी यांत्रिकीकरण योजनेत नांगर बसतो, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत. पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल करू नका, अनुदान बुडेल. नांगराला मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल आहे का, हे आमच्याकडेच काय, कुठेही घेताना मागा.

जुना नांगर मिळत असेल तर फिरणाऱ्या पिनचा खुळखुळा, सिलिंडरची गळती, फ्रेमवरचं वेल्डिंग आणि पंख्याची झीज बघा. फ्रेमवर नवा रंग मारलेला असेल तर जास्त नीट बघा.

दुकानात येताना ट्रॅक्टरचं मॉडेल, मागच्या टायरचा साईज, चाकांमधलं अंतर, मोजलेला उतार आणि कुदळीने बघितलेली मातीची खोली लिहून आणा. नांगर पोचवताना पहिले दोन तास (चर) आमचा मिस्त्री तुमच्याच रानात लावून देतो. दोन्ही बाजूंचे अडजस्टमेंट बोल्ट वेगवेगळे असतात, ते तेव्हाच समजून घ्या आणि रोज ट्रॅक्टर चालवणारा माणूस त्या वेळी हजर ठेवा.